मृताचे छायाचित्र कोणाच्या मालकीचे?

वाचकहो, मुंबई उपनगर जिल्ह्याच्या पश्चिम कडेस, गोराईच्या खाडीपलीकडे, जागतिक विपश्यना पॅगोडा उभा आहे. ८ फेब्रुवारी २००९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आज त्याचे छायाचित्र आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी भिंतीवर लावलेले आढळेल. ते छायाचित्र घेण्यास कोणाची परवानगी लागली काय? १९५७ चा कॉपीराइट अधिनियम म्हणतो की, नाही. वास्तुशिल्पाचे छायाचित्र घेणे व प्रसिद्ध करणे हा स्वामित्वहक्काचा भंग नव्हे, असे त्याच्या ५२ व्या कलमात लिहिले आहे. सार्वजनिक जागी कायम उभारलेल्या पुतळ्यासही तोच नियम आहे. म्हणजे परमपूज्य बाबासाहेबांच्या चौकाचौकांतील पुतळ्यांचे छायाचित्र कोणीही घ्यावे, कायद्याची त्यास आडकाठी नाही.

आता याच जिल्ह्याच्या पूर्वेकडे वळा. घाटकोपर येथे माता रमाबाई आंबेडकर नगर आहे. ११ जुलै १९९७ च्या पहाटे तेथील बाबासाहेबांच्या पुतळ्यास चपलांचा हार घातलेला लोकांच्या दृष्टीस पडला. संतप्त लोक द्रुतगती मार्गावर आले. राज्य राखीव पोलिस दलाने गोळीबार केला आणि दहा जण प्राणास मुकले. चार दिवसांनी, १५ जुलै रोजी, शाहीर विलास घोगरे यांनी या दुःखाने आत्महत्या केली. गोळीबाराच्या समर्थनार्थ सांगण्यात आले की, जमाव गॅसचे टँकर पेटविण्याच्या बेतात होता. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने हे समर्थन मान्य केले नाही व गोळीबार असमर्थनीय ठरविला. २००९ साली सत्र न्यायालयाने उपनिरीक्षक मनोहर कदम यास जन्मठेपेची शिक्षा दिली. पुढे उच्च न्यायालयातून त्यास जामीन मिळाला.

त्या सकाळी टँकर नेमके कोठे होते? जमाव कोठे होता? गोळ्या झाडणारे शिपाई कोठे उभे होते? आधी काय घडले आणि मागाहून काय घडले? या साऱ्या प्रश्नांची उत्तरे माणसांच्या साक्षीइतकीच चित्रांतही असतात. साक्षीदार वृद्ध होतो, विसरतो, भितो, फितूर केला जातो. छायाचित्रातील टँकर आणि प्रेत यांमधील अंतर मात्र वर्षांगणिक कमी-जास्त होत नाही. म्हणूनच अशा प्रसंगाच्या छायाचित्रांची मालकी कोणाची, ती कोणाच्या कपाटात आहेत आणि ती पाहण्याचा, छापण्याचा अधिकार कोणास आहे, हा प्रश्न केवळ वकिलांचा नव्हे, आपला आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. जुन्या ब्रिटिश अमदानीत १९११ चा इंग्लंडचा कायदा १९१४ च्या अधिनियमाने आपल्याकडे लागू करण्यात आला होता. त्या कायद्याप्रमाणे, मूळ काच किंवा निगेटिव्ह ज्याच्या मालकीची तोच छायाचित्राचा कर्ता मानला जाई. राबणारा हात कोणाचा, डोळा कोणाचा, हे तो कायदा विचारीत नसे. काच कोणाची, एवढेच तो विचारी. २१ जानेवारी १९५८ पासून आपला स्वतःचा कायदा अमलात आला आणि छायाचित्र घेणारी व्यक्ती हीच कर्ता होय, असे त्याने ठरविले. ही सुधारणा निःसंशय न्यायाची होती. परंतु कर्ता आणि मालक हे नेहमीच एक नसतात, हेही त्याच कायद्याने सांगून ठेवले आहे.

समजा, एखाद्या वस्तीत अत्याचार घडला आणि एकाच जागी तीन कॅमेरे आले. पहिला वृत्तपत्राच्या पगारी छायाचित्रकाराचा. त्याच्या चित्रावर वृत्तपत्रांत छापण्यापुरता हक्क मालकाचा. ग्रंथात, प्रदर्शनात वापरण्याचा उरलेला हक्क, निराळा करार नसेल तर, त्या छायाचित्रकाराचा. दुसरा कॅमेरा पोलिसांच्या नोकरीतील माणसाचा, अथवा पोलिसांनी मोबदला देऊन बोलाविलेल्या बाजारातील स्टुडिओवाल्याचा. शासनाच्या निदेशाखाली तयार झालेली ती शासकीय कृती होय आणि तिचे पहिले मालक शासन. तिसरा कॅमेरा वस्तीतील लोकांनी वर्गणी काढून बोलाविलेल्या छायाचित्रकाराचा. त्याविषयी १७ वे कलम स्पष्ट आहे: मोबदला देऊन ज्याने छायाचित्र काढविले, तो त्याचा पहिला मालक. म्हणजे ही तिसरी चित्रे वस्तीची.

या तिन्ही हिशेबांत एक मनुष्य कोठेच आला नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच. जो जमिनीवर पडलेला आहे, ज्याच्या रक्तामुळे ते छायाचित्र काढावे लागले, तो. त्यास आणि त्याच्या बायकामुलांस स्वामित्वहक्काच्या कायद्यात जागा नाही. कायद्याच्या दृष्टीने तो चित्राचा विषय आहे, पक्षकार नव्हे.

आता मुदतीचा प्रश्न घेऊ. पूर्वी छायाचित्राची मुदत प्रसिद्धीच्या वर्षापासून मोजली जात असे. आरंभी पन्नास वर्षे आणि १९९२ च्या दुरुस्तीने साठ वर्षे. २१ जून २०१२ पासून छायाचित्राचे ते स्वतंत्र कलमच वगळण्यात आले. आता कर्त्याच्या हयातीपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे, असा इतर कृतींचाच नियम छायाचित्रासही आहे. १९५१ पर्यंत प्रसिद्ध झालेली छायाचित्रे या दुरुस्तीपूर्वीच मुक्त झालेली होती. ही मुदत म्हणजे काय, हे आपणांस बाबासाहेबांच्या ग्रंथांवरून ठाऊक आहे. त्यांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चे. साठ वर्षांची मुदत २०१६ च्या अखेरीस संपली आणि १ जानेवारी २०१७ पासून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ छापण्यास सर्वांस मोकळीक झाली.

परंतु शासकीय कृतीचा नियम निराळा आहे व तो लक्षपूर्वक वाचला पाहिजे. २८ व्या कलमाप्रमाणे शासनाच्या मालकीच्या कृतीची साठ वर्षे ती प्रथम प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षापासून मोजावयाची असतात. प्रसिद्धी म्हणजे प्रती लोकांस उपलब्ध करणे अथवा ती कृती लोकांपर्यंत पोहोचविणे. पोलिस ठाण्याच्या कपाटात, पंचनाम्यास टाचून पडलेले छायाचित्र या अर्थाने प्रसिद्ध झालेले नसते. मग त्याची साठ वर्षे केव्हा सुरू होणार? कधीच नाही. ज्याने ते दडवून ठेविले, त्याचीच मालकी दडविण्यामुळे लांबत जाणार. लेखकाचे पोट भरावे म्हणून निर्माण झालेला हक्क येथे कोणाचे पोट भरतो? ज्या पोलिसाच्या गोळीने माणूस पडला, त्याच खात्याकडे त्या प्रेताच्या चित्राची मालकी, आणि तीही न संपणारी! ही विसंगती विधिमंडळात आणि संसदेत कोणी तरी मांडली पाहिजे.

तथापि निराश होऊन बसण्याचे कारण नाही. स्वामित्वहक्काची भिंत दिसते तितकी उंच नाही, आणि कार्यालयातील बाबूने ती दाखवून आपणांस परत पाठवावे, इतके आपण अज्ञानी राहता कामा नये. न्यायालयीन कामकाजासाठी, तसेच त्याच्या वृत्तांतासाठी कोणत्याही कृतीची प्रत काढणे हा भंग नव्हे. संशोधन, टीका, समीक्षा व चालू घडामोडींचे वृत्त यांसाठी उचित मर्यादेत केलेला वापर हाही भंग नव्हे. विधिमंडळाच्या पटलावर ठेवलेला आयोगाचा अहवाल, शासनाने मनाई केलेली नसल्यास, पुनर्मुद्रित करता येतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट माहितीच्या अधिकाराची. २००५ च्या त्या अधिनियमाचे ९ वे कलम सांगते की, माहिती दिल्याने राज्याखेरीज अन्य व्यक्तीच्या स्वामित्वहक्काचा भंग होत असेल, तरच त्या कारणावरून अर्ज फेटाळता येईल. ‘राज्याखेरीज’ हा शब्द विसरू नका. शासनाची स्वतःची मालकी हे माहिती नाकारण्याचे कारण होऊच शकत नाही.

त्याच अधिनियमाच्या ८ व्या कलमाचे तिसरे पोटकलमही पाठ करून ठेवण्याजोगे आहे. जी घटना अर्जाच्या तारखेपूर्वी वीस वर्षांच्या आधी घडली, तिची माहिती, देशाची सुरक्षितता, विधिमंडळाचे विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाची कागदपत्रे एवढे अपवाद सोडून, दिली पाहिजे. तपासात अडथळा येईल, ही सबब वीस वर्षांनंतर चालत नाही. रमाबाई नगरच्या गोळीबारास ११ जुलै २०१७ रोजी वीस वर्षे पूर्ण झाली. दहा रुपयांचे शुल्क भरून जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा, तीस दिवस वाट पाहावी, उत्तर न आल्यास पहिले अपील व नंतर राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करावे, हा मार्ग खुला आहे. छायाचित्र न्यायालयात पुरावा म्हणून दाखल झालेले असेल, तर मात्र न्यायालयाच्या नियमांप्रमाणे प्रमाणित प्रत मागावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात तसे ठरविले आहे.

येथे एक शंका उपस्थित होईल. पोलिसांचे काम गुन्ह्याचा तपास करणे. त्यांनी आपल्या कामासाठी काढलेली चित्रे मृताच्या नातेवाइकांनी का मागावीत? या शंकेचे उत्तर इतिहासच देतो. गुन्ह्याच्या जागेचे छायाचित्रण शास्त्रशुद्ध करण्याचे श्रेय पॅरिसच्या पोलिस खात्यातील आल्फोन्स बर्तियाँ यास दिले जाते. उंच तिकाटण्यावर कॅमेरा चढवून, वरून प्रेताचे व खोलीचे चित्र घ्यावयाचे आणि त्याच्या कडेस मोजपट्टी दाखवावयाची, ही पद्धत त्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ केली. त्याचीच दुसरी पद्धत संशयित माणसाच्या देहाची मापे व समोरून-बाजूने छायाचित्रे घेण्याची. आपल्या देशात राज्यकर्त्यांनी या दुसऱ्या पद्धतीचा अधिक हौसेने स्वीकार केला. ज्या देशात १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या गेल्या होत्या, तेथे हे स्वाभाविकच होते. १९२० च्या कैदी ओळख अधिनियमाने दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाने माणसाचे छायाचित्र घेण्याची तरतूद केली.

परंतु त्याच १९२० च्या कायद्यात ७ वे कलम होते. पूर्वी शिक्षा न झालेला मनुष्य निर्दोष सुटला, तर त्याची छायाचित्रे, प्रती आणि निगेटिव्हसुद्धा, न्यायालयाने वा जिल्हा दंडाधिकाऱ्याने कारण नोंदवून अन्यथा सांगितले नसल्यास, नष्ट करावीत अथवा त्याच्या स्वाधीन करावीत, असे ते कलम होते. हा कायदा २०२२ साली रद्द होऊन त्याच्या जागी नवा आला. परंतु मुद्दा राहतोच. परकीय सरकारलासुद्धा हे मान्य करावे लागले होते की, छायाचित्र काढणारा कोणीही असो, ज्याचे ते आहे त्या माणसाचा त्यात काही संबंध उरतो, आणि प्रसंगी ते त्याच्या हाती द्यावे लागते. संशयितास जे मिळू शकत होते, ते मारल्या गेलेल्याच्या आईस मिळू नये, हा कोणता न्याय?

हा प्रश्न आपल्याच देशाचा नाही. अमेरिकेत ७ ऑगस्ट १९३० रोजी इंडियाना राज्यातील मॅरियन येथे थॉमस शिप आणि एब्राम स्मिथ या दोन काळ्या तरुणांस जमावाने झाडाला लटकावून मारले. लॉरेन्स बाइटलर नावाच्या स्टुडिओवाल्याने त्या जागेचे छायाचित्र घेतले व त्याच्या हजारो प्रती विकल्या. त्या चित्रात जमावातील लोकांचे चेहरे स्वच्छ दिसतात. कोणी हसत आहे, कोणी बोट दाखवीत आहे. तरीही या खुनाबद्दल कोणास शिक्षा झाली नाही. चित्र होते, चेहरे होते, पुरावा होता. परंतु ते चित्र विकणाऱ्याचे होते आणि विकत घेणारे मारणाऱ्यांच्याच समाजाचे होते. तेथे छायाचित्र हा पुरावा न राहता विजयचिन्ह बनला.

याच्या उलट उदाहरण १९५५ चे. मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाचा गोऱ्यांनी अमानुष खून केला. त्याची आई मॅमी टिल हिने शिकागो येथे शवपेटी उघडी ठेवण्याचा आग्रह धरला. आपल्या मुलाचे काय केले, ते साऱ्या जगाने पाहावे, अशी तिची इच्छा होती. तिच्या संमतीने घेतलेले त्याच्या विद्रूप चेहऱ्याचे छायाचित्र ‘जेट’ या काळ्या लोकांच्या साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. ज्यूरीने आरोपींना सोडून दिले, परंतु त्या छायाचित्राने एक संपूर्ण पिढी चळवळीत आणली. मॅरियनच्या चित्रात आणि या चित्रात फरक कोणता? दोन्हींत अत्याचाराचे प्रेत आहे. फरक इतकाच की, एकाचा निर्णय बाजाराने घेतला आणि दुसऱ्याचा आईने.

अलीकडचे उदाहरणही पाहा. १८५० साली हार्वर्ड विद्यापीठाच्या एका प्राध्यापकासाठी रेंटी नावाच्या गुलामाची व त्याच्या मुलीची विवस्त्र छायाचित्रे घेण्यात आली होती. तमारा लॅनियर या बाईंनी आपण त्यांच्या वंशज आहोत असे सांगून ती मागितली. २०२२ साली मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, चित्रातील माणसास वा त्याच्या वंशजास चित्राची मालकी मिळत नाही. मात्र विद्यापीठाच्या वागणुकीने झालेल्या मानसिक यातनांबद्दल दावा चालू शकतो. २०२५ साली समझोता झाला आणि ती चित्रे हार्वर्डकडून दक्षिण कॅरोलायनातील आफ्रिकी-अमेरिकी लोकांच्या संग्रहालयाकडे सोपविण्याचे ठरले. कायद्याने मालकी नाकारली; परंतु चिकाटीने न्याय पुष्कळसा पदरात पडला.

बंधुभगिनींनो, येथपर्यंत आपण दुसऱ्यांविषयी बोललो. आता स्वतःविषयी बोलले पाहिजे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले आणि २० जानेवारी २०१७ रोजी, न्यायाची वाट पाहत, तेही गेले. मोठ्या वृत्तपत्रांनी आरंभी या हत्याकांडाकडे पाठ फिरविली. त्या वेळी मृतदेहांची छायाचित्रे हातोहात फिरली, पुढे इंटरनेटवरही आली, आणि लोक रस्त्यावर उतरले. ती छायाचित्रे पसरली नसती तर कदाचित हे प्रकरण गावकीच्या भांडणाच्या सदरात दडपले गेले असते, हे मान्य केले पाहिजे.

परंतु याच्या जोडीला दुसराही विचार केला पाहिजे. त्या चित्रांत दिसणाऱ्या आई आणि मुलीस आपण तशा अवस्थेत जगापुढे यावे, असे वाटले असते काय? आंदोलनाचा दिवस मावळल्यावर ती चित्रे कोणाकोणाच्या डोळ्यांपुढे, कोणत्या हेतूने गेली? जे चित्र आपण संतापाने पुढे ढकलतो, तेच दुसरा कोणी चवीने पाहतो. मृतदेहाचीही प्रतिष्ठा असते आणि संविधानाच्या २१ व्या कलमातील प्रतिष्ठेचा हक्क तिच्यापर्यंत पोहोचतो, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मानले आहे. २०१८ साली निपुण सक्सेना प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की, बलात्कारपीडितेचे नाव तिच्या मृत्यूनंतरही उघड करता येणार नाही. नातेवाइकांची इच्छा असली तरी त्याची आवश्यकता सत्र न्यायाधीशाने ठरवावी. नावास जर इतके जपावयाचे, तर देहाच्या चित्रास किती जपले पाहिजे?

हा विचार आताच करणे अगत्याचे आहे, कारण खैरलांजीची वीस वर्षांची मुदत २९ सप्टेंबर २०२६ रोजी पुरी होते. वीस वर्षांनंतर तपासाची सबब जाते. त्याचबरोबर खाजगी माहितीचा अपवादही गळून पडतो. जे दार आपणांसाठी उघडते, तेच दार बघ्यांसाठीही उघडते. म्हणून ‘चित्रे खुली करा’ एवढीच मागणी पुरेशी नाही. ती कोणासाठी, कोणाच्या संमतीने व कोणत्या कामासाठी खुली करावीत, हेही आपण सांगितले पाहिजे. पाहण्याचा हक्क आणि छापण्याचा हक्क या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुरावा म्हणून पाहण्याचा हक्क विस्तृत असावा; प्रेताचे दर्शन बाजारात मांडण्याचा हक्क कोणासही नसावा, आपणांसही नसावा.

कोणी म्हणेल, नातेवाइकांची संमती आवश्यक केली तर सरकार व अत्याचारी त्यांच्यावर दडपण आणून संमती मिळू देणार नाहीत आणि सत्य झाकले जाईल. ही भीती खोटी नाही. म्हणूनच संमतीची अट न्यायालयास, चौकशी आयोगास व अभ्यासकास लागू नसावी. ती केवळ प्रेताचे चित्र सर्वांसाठी छापण्यास लागू असावी. टँकर, रस्ता, पोलिसांची रांग, पुतळा, भिंतीवरील गोळीची खूण यांची चित्रे प्रसिद्ध करण्यास कोणत्याही कुटुंबाच्या लज्जेचा प्रश्न येत नाही. सत्याचा मोठा भाग अशाच चित्रांत असतो. रमाबाई नगरच्या प्रकरणात महत्त्वाचा प्रश्न कोणाच्या जखमेचा नव्हता. वेळ, अंतर आणि क्रम यांचा होता.

मग मागावयाचे काय? पहिली मागणी अशी की, मृताच्या वारसास व जखमीस घटनास्थळाच्या सर्व छायाचित्रांच्या व चित्रफितींच्या प्रती विनामूल्य आणि हक्काने मिळाल्या पाहिजेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाची घटनास्थळास भेट व तेथील चित्रीकरण यांची तरतूद केली आहे. आरोपीप्रमाणेच, वकील दिलेल्या पीडितासही पोलिस अहवाल व कागदपत्रांच्या प्रती द्यावयाच्या आहेत. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १५-अ कलमाप्रमाणे पीडितास कागदपत्रे व साहित्य हजर करविण्यासाठी विशेष न्यायालयाकडे अर्ज करता येतो. जे आता अर्जाने मिळते ते आपोआप मिळावे, एवढेच आपले म्हणणे आहे.

दुसरी मागणी: खटला व अपिले संपल्यावर आणि वीस वर्षे लोटल्यावर ही चित्रे पोलिस ठाण्याच्या ओल्या खोलीत कुजू न देता पुराभिलेखागारात जमा करावीत. महाराष्ट्राने २००५ साली सार्वजनिक अभिलेखांचा स्वतंत्र कायदा केला आहे. त्याचा उपयोग केवळ महसुलाच्या दप्तरांसाठी का व्हावा? तिसरी मागणी: शासकीय छायाचित्राची मुदत प्रसिद्धीपासून न मोजता ते घेतल्याच्या वर्षापासून मोजावी, म्हणजे दडवून ठेवणारास दडविण्याचे बक्षीस मिळणार नाही. चौथी मागणी: अत्याचारात बळी पडलेल्याच्या देहाचे चित्र व्यापारासाठी वापरण्यास पूर्ण बंदी असावी.

सरकारकडून मागण्याबरोबरच स्वतः करावयाच्या गोष्टीही आहेत. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. अत्याचार घडल्यास प्रेताच्या चेहऱ्याकडे धावण्यापूर्वी जागेची चित्रे घ्या: रस्ता, अंतर, वाहनांचे क्रमांक, पडलेल्या वस्तू, आणि शक्य तर मोजपट्टी. मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेवा; दुसऱ्यास पाठविताना तिची नोंद नष्ट होऊ शकते. घेणाऱ्याचे नाव, दिनांक, वेळ व ठिकाण लिहून ठेवा. छायाचित्रकारास पैसे दिले असतील तर पावती घ्या. तीच वस्तीच्या मालकीचा पुरावा होईल. हक्क कोणा संस्थेस द्यावयाचा असेल तर तो लेखी व सहीनिशी द्या. तोंडी दिलेला हक्क कायद्यात टिकत नाही. स्वामित्वहक्कासाठी नोंदणीची आवश्यकता नाही, तो चित्र घेतल्याक्षणी निर्माण होतो, हेही ध्यानात असू द्या. विहारात जसा ग्रंथसंग्रह आपण ठेवतो, तसाच अशा चित्रांचा संग्रह ठेवावा. तो कोणी पाहावा याचे नियम कुटुंबीयांना विचारून करावेत.

स्वतंत्र हाताने केलेल्या चित्रीकरणाची किंमत आपण पाहिली आहे. विलास घोगरे यांच्या मृत्यूनंतर आनंद पटवर्धन यांनी चौदा वर्षे चित्रीकरण करून २०११ साली ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट पूर्ण केला. रमाबाई नगरचा गोळीबार आणि त्याचे सरकारी समर्थन त्यात तपासलेले आहे. सरकारच्या कपाटातील चित्रांची वाट पाहत ते बसले असते, तर आज त्या काळाची साक्ष द्यावयास आपणांजवळ किती उरले असते?

हजारो वर्षे आपल्या पूर्वजांच्या मृत्यूची नोंदच झाली नाही. नोंद झाली तेव्हा ती दुसऱ्याच्या लेखणीने आणि दुसऱ्याच्या दप्तरात. आता नोंद होते, चित्रही निघते. परंतु दप्तर अद्याप दुसऱ्याचेच आहे. त्या दप्तरात आपल्या माणसाचे जे शेवटचे चित्र आहे, ते मागण्याचा हक्क वापरा, आणि हाती आल्यावर ते आपल्या घरातील मृताचे आहे अशा रीतीने जपा. ज्यांच्या नात्यातील मनुष्य १९९७ च्या त्या सकाळी पडला, त्यांनी हा अर्ज या महिन्यातच करावा. आणि ज्यांस लिहिता येते, त्यांनी तो लिहून देण्यास त्यांच्या दारी जावे.